उतरायच्या आधी

गेल्या श्रावणात माझं पित्ताशय काढलं. खडे झाले होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या जणींचं ते काढून झालंय. सांगलीकर माणूस दुखलं-खुपलं की मिरजेची वाट धरतो, तशी मीही धरली. सांगायचं आहे ते एका अर्ध्या वाक्याबद्दल.

टेबलावर झोपवल्यावर भुलीच्या डॉक्टर डोक्याशी आल्या. हिरवी टोपी, तोंडाला मास्क. दिसत होते फक्त डोळे आणि चष्म्याच्या काचांत वरच्या दिव्याचे दोन ठिपके. हाताला सलाइन आधीच लावलेलं होतं. त्यांनी गप्पा सुरू केल्या. ही त्यांची युक्ती असते हे मला माहीत होतं, तरी मी तीत अडकले.

"कुठल्या मॅडम तुम्ही?"

"सांगलीच्याच. गावभागात राहतो. माहेर हरिपूर."

"हरिपूर म्हणजे हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत तेच ना?"

"हो की. आमच्या आजोबांचीच दोन पेवं होती. त्यात उतरायच्या आधी ते..."

आणि समोर पंखा. कडा काळवंडलेला, बंद असलेला पंखा. शेजारी ताईचा चेहरा. "झालं बरं का सगळं," ती म्हणाली.

मध्ये अडीच तास गेले होते म्हणे. माझ्यासाठी ते गेलेच नव्हते. रात्रीच्या झोपेतून उठल्यावर रात्र सरल्याचं अंगाला कळतं. तोंडाची चव गेलेली असते, गालावर उशीचा वळ असतो. एसटीत डुलकी लागली तरी डोळे उघडताना पेठ नाका मागे पडला असणार असा काहीतरी अंदाज असतो. इथं तसलं काही नव्हतं. 'उतरायच्या आधी ते' हे शब्द आणि तो पंखा एका दोऱ्यात शेजारीशेजारी ओवल्यासारखे, मध्ये गाठसुद्धा नाही. माझ्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कुठं गेला? तोंडाशी आलेला होता. मेंदूत कुठंतरी तयारच असणार. मग तो तिथंच थांबून राहिला, की जुळलाच नाही?

मराठीत ह्याला भूल म्हणतात. ज्यानं कुणी हा शब्द ह्या कामाला लावला त्याला माझा नमस्कार. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विसर. रानात एकाच झाडाभोवती फिरत राहणाऱ्या माणसालाही भूल पडलेली असते. परत येण्याला आपण शुद्धीवर येणं म्हणतो, जणू मधले अडीच तास मी अशुद्ध होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं, "नक्की काय बंद करता हो तुम्ही?" केसपेपरवरचं डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "मॅडम, बावीस वर्षं झाली, रोज पाच-सहा माणसं बंद करते आणि परत चालू करते. बंद कसं करायचं ते विचारा, चालू कसं करायचं ते विचारा. काय बंद होतं ते मात्र मला विचारू नका."

मी बारावीला फिजिक्स शिकवते. असलं उत्तर माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. डॉक्टरांचं मात्र आवडलं.

त्यांना पुस्तकातलं माहीत नव्हतं असं नाही. शिरेतून देतात ते प्रोपोफॉल काय करतं ते त्यांनी नीट समजावलं. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना गप्प बसवायचं काम करतं आणि प्रोपोफॉल त्या गप्प बसवण्याला जोर देतं. इथपर्यंत पक्कं आहे. पेशी गप्प झाल्या की 'मी' का गप्प होते, हे त्याच्या पुढचं. काही थिएटरांत कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून ० ते १०० मधला एक आकडा काढतात आणि ऑपरेशन चालू असताना तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवतात. आम्हा सांगलीकरांना असल्या आकड्यांची सवय आहे. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं तेव्हा गावभागात होड्या फिरल्या. आकडा खोटा नसतो, त्याच्यावर आम्ही गाद्या आणि गॅस माळ्यावर चढवतो. पण नदी म्हणजे काय, हे काही त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.

पथ्याचे पंधरा दिवस घरात काढायचे होते. वरण-भात, दुधी, फोन. ऑपरेशनची बातमी पसरल्यावर व्हॉट्सॲपवर 'लवकर बऱ्या व्हा'च्या मागोमाग जे यायचं ते आलंच: क्वांटम ध्यान, क्वांटम श्वसन, पेशींना क्वांटम पातळीवर सूचना द्या, तीन दिवसांचं शिबिर, नाश्ता-चहासह. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून तर ह्याचं पेवच फुटलंय. पेव फुटणं म्हणजे काय ते हरिपूरच्या पोरीला विचारा. एकदा तोंड उघडलं की आतला माल बाजारात ओतावाच लागतो, चांगला असो की किडका.

ज्यांना प्लांकचा स्थिरांक, म्हणजे क्वांटमच्या गणितातली मूळ संख्या, कशाशी खातात ते ठाऊक नाही ते क्वांटमवर शिबिरं घेतात ह्याचा मला राग येतो. हा राग माझ्या पथ्यातला नव्हता, पण आला. त्या रागात मी कपाटातली जुनी टिपणं काढली आणि मूळ माणसं काय म्हणाली होती ते वाचत बसले.

सुरुवात जुनी आहे. इलेक्ट्रॉन 'इथं' आहे आणि 'तिथं' आहे ही दोन्ही विधानं एकाच वेळी लागू असू शकतात, मोजायला गेलं की मात्र एकच उरतं, बाकीच्या शक्यता कोसळतात. मोजणं म्हणजे नेमकं काय आणि ते कुठल्या क्षणी पुरं होतं, हे क्वांटमचं समीकरण सांगत नाही. १९३२ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवलं की ही सीमारेषा उपकरणापाशी ओढा, डोळ्यापाशी ओढा, नाहीतर पार बघणाऱ्यापाशी ओढा, गणिताला फरक पडत नाही. १९६१ मध्ये फिजिक्सवाले युजीन विग्नर यांनी ती थेट जाणिवेपाशी नेली: बघणाऱ्याला जाणीव झाली की मगच एक शक्यता खरी ठरते. शिबिरवाले ज्याच्यावर जगतात ते हे वाक्य. पुढं विग्नर स्वतःच ह्या मतापासून दूर झाले, हे शिबिराच्या पत्रकात छापत नाहीत. श्रोडिंगरचं मांजर, पेटीत बंद आणि कुणी बघेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही, शिकवताना माझ्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, मांजरानं स्वतःच बघितलं तर चालत नाही का?" मी त्याला पूर्ण गुण दिले.

ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी ही गाडी उलट्या बाजूनं जुंपली. जाणिवेमुळे शक्यता कोसळत नाहीत, शक्यता कोसळतात त्यातून जाणीव होते. हे त्यांनी १९८९ च्या पुस्तकातून मांडायला घेतलं आणि त्यांचं सुरुवातीचं पाऊल फिजिक्सचं नव्हतंच, तर्कशास्त्राचं होतं. १९३१ मध्ये तर्कशास्त्री गोडेल यांनी सिद्ध केलं होतं की अंकगणित मावेल एवढी कुठलीही निर्दोष नियमावली घ्या, तिच्यात एखादं तरी खरं विधान असं निघतं की जे त्या नियमांनी सिद्ध करता येत नाही. पेनरोज म्हणाले, पण गणितज्ञाला ते खरं आहे हे दिसतं. म्हणजे गणितज्ञ नियमावलीनं चालणारं यंत्र नाही. म्हणजे मेंदूत गणनेच्या पलीकडचं काहीतरी घडतं. आणि गणनेपलीकडचं काही निसर्गात लपायला जागा असेल, तर ती त्या कोसळण्यातच.

ह्या पहिल्याच पायरीवर बहुतेक तर्कशास्त्री अडतात, आणि मीही. गणितज्ञाला 'दिसतं' ते नेहमी बरोबर असतं असं कुणी सांगितलं? मी तीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवतेय. मला दिसलेलं सत्य पहिल्या बाकावरच्या मुलीनं कितीदा खोडलंय ते मलाच माहीत. गोडेलचा नियम निर्दोष यंत्राला लागतो. माझ्यासारखं सदोष यंत्र त्यातून आरामात सुटतं.

पण पेनरोज यांची पुढची पायरी हौशी माणसाची नाही. शक्यता कोसळायला बघणारा लागत नाही, गुरुत्वाकर्षण पुरतं, असं ते म्हणतात. वस्तू 'इथं' आणि 'तिथं' असली तर अवकाशाचं वाकणंही दोन तऱ्हांचं होतं आणि निसर्गाला ते फार वेळ पेलत नाही. किती वेळ पेलतं ह्याचं सूत्र एका ओळीचं आहे: प्लांकचा स्थिरांक २π नं भागून आलेली संख्या घ्या आणि तिला त्या दोन स्थितींमधल्या फरकाच्या गुरुत्वीय ऊर्जेनं भागा. जितका जड फरक तितकं लवकर कोसळणं. सूत्रात आकडे घालता येतात, म्हणजे ते खोटंही पाडता येतं. शिबिरातलं एकही वाक्य असं खोटं पाडता येत नाही.

आता मेंदूत हे घडणार कुठं? ह्याचं उत्तर पेनरोज यांच्याकडे नव्हतं. ते आलं ॲरिझोनातल्या टक्सनहून, स्टुअर्ट हॅमरॉफ यांच्याकडून. आणि हे हॅमरॉफ कोण? भूल देणारे डॉक्टर. हे वाचलं तेव्हा मी दुधीचं ताट बाजूला ठेवलं. पेनरोज यांचं पुस्तक वाचून त्यांना लिहिणारा माणूस माझ्या डॉक्टरांच्याच धंद्यातला होता. 'काय बंद होतं ते विचारू नका' असं म्हणून तो थांबला नव्हता, इतकंच.

हॅमरॉफ यांनी बोट ठेवलं सूक्ष्मनलिकांवर. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ नळ्या असतात, साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या. केसाच्या रुंदीत तीनेक हजार बसतील. नळीची भिंत बहुधा १३ उभ्या माळांची विणलेली असते. पेशीचा सांगाडा त्यांचाच, पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून दोन्हीकडे न्यायचं कामही त्यांचंच, आणि पेशीतला माल त्यांच्याच अंगावरून वाहिला जातो. ह्या वाहतुकीची चित्रफीत मी मुलांना दाखवते. एक इवलंसं प्रथिन आपल्यापेक्षा कितीतरी मोठं गाठोडं पाठीवर घेऊन नळीवरून पाऊल टाकत चाललेलं असतं. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावून निघालेला उसाचा ट्रॅक्टर ज्यानं पाहिलाय त्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. हॅमरॉफ यांचा लाडका दाखला पॅरामेशियमचा. एकाच पेशीचा जीव, त्याला चेतापेशी कुठून असणार? तरी पोहतो, आपटला की मागं वळतो, खाणं शोधतो. मग चेतापेशी हाच सगळ्यात लहान घटक कशावरून? घटक तिच्या पोटात असेल, ह्या नळ्यांत. ट्यूब्युलिनचे रेणू 'असा' आणि 'तसा' दोन्ही स्थितींत एकदम राहतात, नळ्या ते सगळं एका सुरात बांधतात, मग पेनरोज यांच्या सूत्राप्रमाणे ते कोसळतं आणि प्रत्येक कोसळणं म्हणजे जाणिवेचा एक क्षण. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोघांनी मिळून ही मांडणी पुरी केली.

भुलीचा धागा इथं फार जवळ येतो. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरची भूल सगळ्यांसमोर देऊन दाखवली, तेव्हापासून एक कोडं आहे. ज्यांची एकमेकांशी काही नाळ जुळत नाही अशी रसायनं माणसाला सारखीच बेशुद्ध करतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मायर आणि ओव्हर्टन ह्या दोघांना स्वतंत्रपणे आढळलं की जे द्रव्य ऑलिव्हच्या तेलात जास्त विरघळतं त्याची भूल जास्त जोरकस. म्हणजे काम कुठंतरी तेलकट, पाण्यापासून आडोशाला असलेल्या जागी चालतं. त्याच्या वीसेक वर्षं आधी फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी लाजाळूला ईथरच्या वाफेत ठेवलं, तर ती लाजायची थांबली. आणि झेनॉन! मूलद्रव्यांच्या तक्त्यात अगदी उजव्या बाजूला बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला वायू. सहसा कुणाशी बंध करत नाही. १९५१ पासून त्याची भूल माणसांना देऊन झालेली आहे. काहीच न करणारा वायू माझं वाक्य तोडू शकतो! २०१८ मध्ये उंदरांवर झेनॉनच्या समस्थानिकांचा प्रयोग झाला. रसायन तेच, फरक फक्त अणुगर्भाचा: थोडा वजनाचा, आणि काहींच्या अणुगर्भाला फिरकी असते, काहींच्या नाही. ज्यांच्या अणुगर्भाला फिरकी होती त्या झेनॉनची भूल कमी जोरकस निघाली. फिरकी ही क्वांटमचीच गोष्ट. हे वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. टाके ओढत होते, हे एक कारण, पण एकच नाही.

म्हणजे मला हे पटलं का? नाही पटलं.

अडचण उष्णतेची आहे. मेंदू ३७ अंशांवर असतो, ओला, खारट, सगळीकडून धक्काबुक्की. 'इथं आणि तिथं'ची नाजूक अवस्था अशा बाजारात टिकत नाही. क्वांटम संगणकवाले आपली यंत्रं निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवतात ते उगीच नाही. २००० मध्ये फिजिक्सवाले मॅक्स टेगमार्क यांनी हिशोब मांडला: नळ्यांतली ही अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी टिकेल. चेतापेशीला एक स्पंद पाठवायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. म्हणजे तबलजीनं हात उचलायच्या आधीच मैफल संपून सतरंज्याही गुंडाळून झाल्या. हॅमरॉफ यांच्या बाजूनं २००२ मध्ये उत्तर आलं की टेगमार्क यांनी अंतरं आणि विद्युतभार चुकीचे धरले. दुरुस्त केलं तर सेकंदाचा लाखावा ते दहा हजारावा भाग मिळतो. तरीही कमीच पडतो, पण भांडण करण्याजोगा. पुढं इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, खडकाच्या आडोशाला, शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणानं होणाऱ्या कोसळण्यातून बारीकसं प्रारण निघतं का ते तपासलं आणि सिद्धांताचं सगळ्यात साधं रूप बाद केलं. पेनरोज म्हणाले, माझ्या रूपात प्रारण निघतच नाही. हे जरा आमच्या मुलांसारखं झालं, प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता म्हणायचं. तरी त्यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा मला एका दिवसात सात मेसेज आले: बघा, क्वांटम जाणिवेला नोबेल! ते नोबेल कृष्णविवरांच्या गणिताला होतं.

माझा स्वतःचा एक पुरावा होता, आणि त्याचा मला फार अभिमान वाटायला लागला होता. पावसाळ्यात दंडोबाच्या डोंगराकडे गेलात तर झुडपांत कळलावी फुललेली दिसते. लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. घरात आणली तर भांडणं होतात म्हणून आई तोडू द्यायची नाही. ह्या झाडात, विशेषतः कंदात आणि बियांत, कॉल्चिसीन असतं. कॉल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि सूक्ष्मनलिका बांधूच देत नाही. हेच औषध गाऊटला देतात. आमच्या अण्णांच्या पायाचा अंगठा सुजून टोमॅटो झाला की ते ह्याच्या गोळ्या घ्यायचे. गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडायचं. पण शुद्ध? शुद्ध अगदी खणखणीत, संडासातून ओरडून मला पेपरातली हेडलाइन वाचायला सांगायचे. म्हणजे नळ्या मोडल्या तरी जाणीव शाबूत! टक्सनला पत्र लिहावं असं मनात आलं.

मग थोडं वाचलं आणि गप्प बसले. कॉल्चिसीन रक्तातून मेंदूत जेमतेम शिरतं. शिवाय चेतापेशींतल्या नळ्या इतर पेशींच्या मानानं टिकाऊ असतात, अंगठ्याच्या डोसानं त्या मोडत नाहीत. अण्णांचा दाखला गेला. आणि वर हे कळलं की २०२४ मध्ये उंदरांवर बरोबर उलटा प्रयोग झालाय. नळ्या घट्ट करणारं, मेंदूत पोचणारं औषध, एपोथिलोन बी, त्यांना आधी दिलं आणि मग भुलीचा वायू. उंदीर पडायला सरासरी ६९ सेकंद जास्त लागले. ह्यानं क्वांटम सिद्ध होत नाही. नळ्या मोडक्या असोत की घट्ट, त्यांचा भुलीशी काहीतरी संबंध असावा, एवढंच म्हणता येतं. पण ६९ सेकंद! तेवढ्यात माझं वाक्य सहज पुरं झालं असतं.

टाके काढायला मिरजेला गेले तेव्हा वेळ होता म्हणून सतारमेकरांच्या गल्लीत शिरले. एका दुकानात म्हातारे गृहस्थ तंबोऱ्याची जवारी काढत होते. मांडीवर तंबोरा आडवा, घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढं, केसभर मागं. बराच वेळ तार नुसती 'टण्' करत होती. धागा एका जागी आला आणि एकदम तीच तार मधासारखी पसरली, तिच्यातून वरचे सूर उमलायला लागले. मी विचारलं, जवारी नक्की कशात असते? त्यांनी धागा दाखवला नाही, तार दाखवली नाही, घोडीही नाही. "लागली की असते," म्हणाले आणि कानस उचलली.

मेंदूशास्त्रातली बहुसंख्य मंडळी जाणिवेबद्दल असंच म्हणतील. एका पेशीत शोधू नका, एका नळीत तर नाहीच. कोट्यवधी पेशी विशिष्ट तऱ्हेनं जुळल्या की ती लागते, भूल दिली की उतरते. माझा कलही तिकडेच आहे. रिक्षात बसेपर्यंत मला ते पुरलंही. सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकाशी मात्र लक्षात आलं की जवारीच्या दाखल्यात मी एक लबाडी केलीय. जवारी लागली हे ऐकायला ते म्हातारे होते, मी होते. मेंदूची लागली हे आत बसून ऐकतं कोण? १९९४ मध्ये टक्सनला जाणिवेवर मोठी परिषद भरली तेव्हा डेव्हिड चाल्मर्स नावाच्या तरुण तत्त्वज्ञानं ह्याच प्रश्नाला 'कठीण प्रश्न' म्हटलं. ती परिषद भरवण्यात पुढं होते हॅमरॉफच. म्हणजे आपल्या सिद्धांताला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडव घालून घरी बोलावला होता. कारण नळ्यांत कोसळलं काय आणि पेशींत जुळलं काय, त्याचं 'वाटणं' कसं होतं हे दोन्हीकडे कोरंच राहतं. क्वांटम गूढ, जाणीवही गूढ, म्हणून दोघं सख्खे भाऊ असावेत, असं म्हणून भागत नाही. तरी ह्या दोघांबद्दल मला माया आहे. कुठं खणायचं ते त्यांनी खूण करून दाखवलं, खणल्यावर काही निघालं नाही तर हसं आपलं होणार हे माहीत असून.

दिवाळीनंतर ताई आणि मी हरिपूरला गेलो. आधी संगमेश्वराला, मग वाड्याच्या मागं. आजोबांची पेवं आता नाहीत. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, मग जमीन बसली, नंतर भरून टाकली. पेव म्हणजे वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली मडक्यासारखं पोट. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, किडा लागायचा नाही. तोंड बंद केलेल्या पेवात हवा कोंदलेली असते आणि नवखा माणूस तसाच उतरला तर खाली पोचेपर्यंत शुद्ध जाते. मला आठवलं, हेच मी डॉक्टरांना सांगायला निघाले होते.

"ताई," मी म्हटलं, "उतरायच्या आधी आजोबा काय करायचे गं? नक्की आठवेना झालंय."

"परत? तूच सांगितलंस की मला."

"कधी?"

"त्या दिवशी. तुला बाहेर आणल्यावर. डोळे मिटलेलेच होते. नर्सनं नाव विचारलं, सांगितलंस. गाव विचारलं, सांगितलंस. मग एकदम स्वच्छ आवाजात म्हणालीस, 'कंदील सोडायचे. दोरीला बांधून.' मी म्हटलं कुठला कंदील, तर माझ्यावरच चिडलीस. 'विझला तर उतरायचं नाही, बाहेर बसून विडी ओढायची,' म्हणालीस. पाच-दहा मिनिटं बोलत होतीस तू. मग डोळे उघडून पंख्याकडे बघितलंस."

ह्यातलं मला काही, काहीही आठवत नाही. भुलीबरोबर बऱ्याचदा मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेलं असतं, त्यानं पुढच्या आठवणी बसत नाहीत, हे मला नंतर कळलं. मुंबईतल्या भाचीनं (ती भूलशास्त्रच शिकतेय) त्याहून चमत्कारिक सांगितलं. स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला पट्टा आवळतात, म्हणजे ते औषध त्या हातापर्यंत जात नाही. मग भूल दिलेल्या माणसाला सांगतात, ऐकू येत असेल तर माझा हात दाब. टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये ही रीत काढली. २०१७ च्या एका पाहणीत २६० पैकी १२ जणांनी हात दाबला. आणि ऑपरेशनमध्ये जागे होतो अशी तक्रार नंतर स्वतःहून करणारे? ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत ते साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले. म्हणजे मधल्या त्या बाकीच्यांचं काय? त्यांना जाणीव होती आणि आठवण नाही? की ज्याची आठवण नाही ती जाणीव नव्हतीच? कंदिलाचं बोलली ती मी होते की नाही?

मी मात्र तीन महिने 'उतरायच्या आधी ते' आणि पंखा ह्यांच्यामध्ये गाठसुद्धा नाही म्हणून पेनरोज वाचत बसले होते. गाठ होती. ताईनं बांधताना बघितली होती.

पेवाच्या जागेवर आता कुणीतरी शेवगा लावलाय. आम्ही त्याच्याशेजारच्या दगडावर बसलो.

"आणखी काय काय बोलले गं मी?"

"खा गप," ताई म्हणाली आणि भडंगाची पुडी माझ्यापुढं केली.